लेकीच्या गावात पर्यटक

२६ नोव्हेंबर, बुधवार. रूवी, मस्कत

विमान वेळेवर सुटलं, वेळेवर टेकलं, बॅगही चटकन आली. काहीच बिघडलं नाही की मला चुटपुट लागते. मिरजेच्या पाणीपुरवठा खात्यात उभी हयात गेली. जिथे सगळं सुरळीत दिसतं, तिथे कुठेतरी गळती असते, हा माझा अनुभव आहे.

वल्लरी आणि कौशिकराव दोघंही घ्यायला आले होते. पोरगी जरा भरलीय. इथे गाडीशिवाय कोणी दोन पावलं टाकत नाही म्हणतात, त्याचा परिणाम असावा. दिवाळीला मिरजेला यायची होती, तिकिटंही काढली होती, पण ऐन वेळी रद्द केली आणि उलट मलाच तिकीट पाठवलं. रजा मिळाली नसेल. "बाबा, तुमची आणि आईची युरोपची टूर राहून गेली ना? मग इथे या, पोर्तुगीजांचे किल्ले दाखवते," म्हणाली. म्हणजे जे गोव्यात एसटीनं जाऊन दिसतं, ते बघायला समुद्र ओलांडायचा. तरी आलो.

माझा व्हिसा पर्यटकाचा आहे आणि मला ते फार पटलं. मी लेकीकडे राहायला आलेलो नाही. मी मस्कत बघायला आलोय, पथारी तिच्याकडे टाकलीय इतकंच. परतीचं तिकीट तेवीस डिसेंबरचं आहे. बघून आधी झालं तर आधी निघेन.

जेवणाचं मात्र पहिल्याच दिवशी निघालं. आमच्यात मुलीला मूल होईपर्यंत आईबाप तिच्या घरचं अन्न खात नाहीत. कल्पना हे कडक पाळायची. ही दोघं पुण्यात होती तेव्हा आम्ही डबा बांधून सकाळी त्यांच्याकडे जायचो आणि संध्याकाळच्या गाडीनं परत यायचो. माझा स्वतःचा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण कल्पना जाऊन दोन वर्षं होत आली, आणि तिनं जन्मभर पाळलेलं तिच्या माघारी मी मोडायचं, हे मनाला पटत नाही. वल्लरीनं भरली वांगी केली होती. मी ॲसिडिटीचं कारण सांगितलं आणि खोलीत जाऊन बरोबर आणलेलं भडंग खाल्लं. तिनं ताट उचललं, एक अक्षर बोलली नाही. समजूतदार आहे.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

मत्रह पाहिलं. एका बाजूला बंदर, एका बाजूला उघडेबोडके काळे डोंगर आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत गाव. या डोंगरांवर गवताची काडी नाही. एवढ्या गावाला पाणी येतं कुठून, हा माझ्या डोक्यातला पहिला प्रश्न. कौशिकराव म्हणाले, "समुद्रातून, बाबा. आमच्या प्लांटचं कामच ते. खारं पाणी गोड करतो आम्ही." ते बरक्याला असल्या कारखान्यात इंजिनियर आहेत. जावई माझ्याच खात्यातला निघाला, हे एवढ्या वर्षांत माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

डोंगरावरच्या किल्ल्यावर मी आणि कौशिकराव चढलो. वरून बंदरातली बोट, पांढरी घरं, सगळं छान दिसतं. वल्लरी खाली गाडीत बसून राहिली. लहानपणी दंडोबाच्या डोंगरावर माझ्या पुढे पळणारी ही पोरगी!

नंतर बाजारात गेलो. बोळ आपल्याकडच्या बोहरी आळीसारखे, आणि पिढ्यान्‌पिढ्या बसलेले कच्छी दुकानदार. प्रत्येक दुकानाच्या दारात लोबान जळत होता. मला तो वास आवडला. वल्लरी तोंडाला ओढणी लावून धावतच बाहेर गेली आणि कौशिकराव माल तसाच टाकून तिच्यामागे. लग्नाला आठ वर्षं झाली तरी बायकोमागे धावतो, म्हणजे संसार बरा चाललाय.

३० नोव्हेंबर, रविवार

घरात बसवत नाही. सकाळी आंघोळ झाली की टोपी घालून निघतो. रूवीच्या शेजारीच हमरिया म्हणून जुनी, दाट वस्ती आहे. तिथे एका केरळी माणसाच्या हॉटेलात माझं जेवण लावून टाकलंय. तिथेच रशीद भेटला. हा ओमानी आहे, टॅक्सी चालवतो आणि हिंदी माझ्यापेक्षा बरी बोलतो. मी रोज एकटा जेवतो हे बघून त्यानं विचारलं, "बाबा, घर में कोई नहीं?" मी म्हटलं, मुलगी आहे, जावई आहे. "बेटी का घर है और खाना होटल में? दामाद से झगड़ा है क्या?" मी रीत समजावून सांगितली. त्याला पटली नाही. "हमारे इधर ऐसा करेगा तो दामाद मारने को आएगा," म्हणाला आणि माझ्या ताटातला पापड घेतला.

त्याच्याच टॅक्सीनं जुनं मस्कत पाहिलं. सुलतानाच्या राजवाड्याच्या दोन अंगांना दोन किल्ले, जलाली आणि मिरानी. दोन्ही पोर्तुगीजांनी बांधलेले. आत सोडत नाहीत, खालून मान वर करून बघायचं. लिस्बन राहिलं, पण लिस्बनची माणसं जिथून हाकलली गेली ती जागा पाहिली. परक्या गावी आली, शंभर-दीडशे वर्षं ठाण मांडून बसली आणि शेवटी ओमानी लोकांनी त्यांना समुद्रात लोटलं. पाहुण्यानं किती राहावं याचं भान नसलं की असं होतं. घरी आल्यावर हे मी वल्लरीला सांगितलं. मला वाटलं हसेल, पण हसली नाही.

२ डिसेंबर, मंगळवार

माझ्या भडंगाच्या डब्याला लसणाचा वास येतो, तो घट्ट लावून कपाटात ठेवा, असं वल्लरीनं परवा बजावलं होतं. आज बाहेरून आलो तर बाई पलंगावर मांडी घालून तोच डबा मांडीत घेऊन बसलेली, अर्धा फस्त. वर वाळलेलं लिंबू चोखत होती. "तुला वास सहन होत नव्हता ना?" तर म्हणते, "आज होतोय." आईवर गेलीय, धरसोड स्वभाव.

ऑफिसला जात नाही, घरूनच काम करते. दुपारी झोपते. भांडी जावई घासतात. माझ्यासमोर घासतात, मलाच कानकोंडं होतं.

५ डिसेंबर, शुक्रवार

कौशिकरावांनी बरक्याला नेलं, मासळीबाजार दाखवला आणि पुढे नखलचा किल्लाही. किल्ला झकास आहे. खडकावरच बांधलाय आणि पायथ्याशी गरम पाण्याचा झरा वाहतो. मी पाय सोडून बसलो. वल्लरी घरीच राहिली.

परत येताना कौशिकराव गाडी चालवता चालवता म्हणाले, "बाबा, खरं सांगू? तुम्ही आलात ना, मला एकदम रिलॅक्स वाटतंय. नाहीतर प्लांटवर असलो की डोक्यात सारखं तेच. घरी ती एकटी. वल्लरी बोलली असेलच तुमच्याशी."

वल्लरी काहीच बोलली नव्हती. पण जावयासमोर, मला माहीत नाही, असं कसं म्हणायचं? पोरीनं बापाला विश्वासात घेतलं नाही असा अर्थ झाला असता. मी म्हटलं, "हो हो, बोलली ना."

"मग झालं! व्हिसा आपण एक्स्टेंड करू. तुम्ही मे-जूनपर्यंत राहिलात तर बेस्ट. इन्शाल्ला, सगळं नीट होईल."

मे-जून! म्हणजे आता माझ्या ध्यानात आलं. किल्ले, झरे, हे सगळं निमित्त आहे. हा कृष्णकांतचा उद्योग. मिरजेला शेजारी राहतो म्हणून घराची किल्ली दिली, तर यानं माझा गॅस एकदा चालू राहिला होता ते मस्कतपर्यंत पोचवलं. पोरांनी ठरवलंय की म्हाताऱ्याला आता एकट्याला ठेवण्यात अर्थ नाही. मला राग आला. आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटली. लेकीच्या घरी कोपऱ्यात खुर्ची टाकून बसलेला बाप मला व्हायचं नाही.

७ डिसेंबर, रविवार

आज खटका उडाला.

मी निघायच्या तयारीत, तर वल्लरी ताट घेऊन दारात उभी. भाकरी, ताकातला पालक, लसणाची चटणी. सगळं कल्पना करायची तसं. म्हणाली, "बाबा, एक घास. फक्त एक."

"अगं, तुझ्या आईनं पाळलं ते..."

"आई नाहीये आता."

"म्हणून तर."

मग हळू म्हणाली, "म्हणजे मला मूल झालंच नाही, तर तुम्ही जन्मात माझ्याकडे जेवणार नाही."

"मी असं कुठे म्हटलं? रीत आहे एक. त्यात कोणाला लागण्यासारखं काय आहे?"

"तुम्हाला नाही ना लागत? मग जा हॉटेलात." ताट ओट्यावर आपटलं आणि दार लावून घेतलं.

दिवसभर चालत होतो. कुठे गेलो ते धड लक्षात नाही. तिला असं का वाटावं? तिला त्रास नको म्हणूनच तर मी बाहेर जेवतो. अशा वेळी कल्पना नाही हे फार जाणवतं. पोरीच्या मनातलं मला नेहमी तिच्याकडूनच कळायचं. वल्लरीचं ते दोनदा झालं, तिसऱ्याच महिन्यात, तेव्हाही कल्पनानंच मला सांगितलं होतं, तेही भाजी निवडता निवडता, माझ्याकडे न बघता. बाप-लेकीत असलं बोलायची आमच्याकडे पद्धत नाही. फोनवर ती मला विचारायची, पाणी येतंय का? मी म्हणायचो, येतंय. झालं बोलणं. आता मधलं माणूसच गेलं.

९ डिसेंबर, मंगळवार

हमरियातल्या ट्रॅव्हलवाल्याकडे जाऊन तिकीट अलीकडचं करून घेतलं. रविवारी, चौदाला निघतो. मोकळं वाटलं.

संध्याकाळी दोघांना सांगितलं. कौशिकराव वल्लरीकडे बघायला लागले आणि वल्लरी भिंतीकडे. मग एकदम बोटांवर मोजायला लागली. "सूर नाही बघितलंत तुम्ही, तिथे लाकडी जहाजं बांधतात. मोठी मशीद नाही बघितली. निझवा नाही. निझव्याचा किल्ला बघितल्याशिवाय कोणी ओमान सोडत नाही, बाबा." परीक्षा पुढे ढकलायला लहानपणी कारणं सांगायची तसा चेहरा झाला होता.

मी म्हटलं, "निझवा शुक्रवारी बघतो, मग खलास." मीही इथले शब्द शिकलोय. कौशिकरावांना या शुक्रवारी प्लांटवर ड्यूटी आहे, त्यांनी रशीदची टॅक्सी ठरवून दिली. वल्लरी म्हणाली, "मी पण येते." जावई तिला बाजूला घेऊन बराच वेळ काहीतरी समजावत होते. तिचं उत्तर मात्र मला ऐकू आलं. "रविवारी जातील ते, कौशिक. एक दिवस तरी."

१३ डिसेंबर, शनिवार

कालचं लिहायला हात होत नाही. पण लिहिलं नाही तर बसवणारही नाही.

सकाळी लवकर निघालो. रशीद गाडी हळू चालवत होता, वल्लरीनं त्याला तसं सांगितलं होतं. निझव्याला शुक्रवारचा बकऱ्यांचा बाजार भरतो. गोल कठड्याभोवती गिऱ्हाइकं बसतात आणि विकणारे बकरी घेऊन गोल गोल फिरत ओरडतात. कोणीतरी हात धरून थांबवतं, बकरीचे दात बघतं आणि सौदा होतो. मला भारी मजा आली. मग त्यांचे पाट पाहिले. डोंगराच्या पोटातलं पाणी उतारावरून गावापर्यंत आणलंय, पंप नाही, मोटर नाही, आणि पाळीनं वाटतात. मी तिथे बराच रेंगाळलो. वल्लरी सावलीत बसून माझ्याकडे बघत होती आणि हसत होती. फार दिवसांनी हसली.

मग किल्ला. मोठा गोल बुरूज, आत अरुंद, उंच पायऱ्या. वल्लरी खालीच टेकली. आणि मला काय झालं कोण जाणे, आठवडाभराचा राग वर आला. म्हटलं, "एकही किल्ला तू माझ्याबरोबर चढली नाहीस. बोलावलंस कशाला मग? आई असती तर माझ्याआधी वर पोचली असती."

ती उठली. एक हात भिंतीला लावत, थांबत थांबत माझ्याबरोबर वर आली. वर खूप वारा होता. खाली सगळीकडे खजुरीची झाडं आणि मशिदीचा घुमट. ती माझ्या दंडाला धरून उभी राहिली. म्हणाली, "बाबा, तुम्हाला एक सांगायचंय."

मी म्हटलं, "तिकीट बदलायचं सोडून काहीही सांग."

"मग राहू दे," म्हणाली.

परतीच्या वाटेवर ती मागच्या सीटवर डोळे मिटून पडली होती. अर्ध्या वाटेवर माझ्या खांद्यावर हात आला. हात गार होता. "बाबा, कौशिकला फोन लावा. रशीदभाई, सीधा हॉस्पिटल." मी विचारलं, काय होतंय? तिनं मान हलवली. मग तिच्या कपड्यांवर रक्त दिसलं. रशीद मोठ्यानं दुवा म्हणायला लागला आणि गाडी अशी सुटली की मी दाराची कडी धरून बसलो. मला वाटलं, माझ्या पोरीला काहीतरी मोठा आजार आहे आणि तो माझ्यापासून लपवलाय. कल्पनाचं आजारपणही आम्ही शेवटपर्यंत लपवलं होतं, वल्लरीपासून. माझं डोकं चालेना.

हॉस्पिटलात तिला आत नेलं. मी बाहेर. एक केरळी नर्स पडद्यातून आली. "अंकल, डरो मत. बेबी का हार्टबीट है."

मी म्हटलं, "किसका बेबी?"

ती माझ्याकडे बघत राहिली. "आपकी बेटी का."

मी बाकावर बसलो. ओढणी, लिंबू, भडंगाचा डबा, घासलेली भांडी, सगळं एकदम समोर आलं. दोन आठवडे ते माझ्या नाकासमोर होतं आणि मी किल्ले बघत हिंडत होतो.

कौशिकराव बरक्याहून तसेच कामाच्या बुटांत धावत आले. "बाबा, तुम्ही तर म्हणालात वल्लरी बोलली!"

"तुम्हाला तसं सांगितलं मी," म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

ते शेजारी बसले. चौथा महिना आहे, म्हणाले. मागचं बघून डॉक्टरांनी सुरुवातीलाच विमानाला बंदी केली, म्हणून दिवाळीला येता आलं नाही, आणि आता वार खाली आहे. "पहिलं बाळंतपण माहेरी, हे तिनं मनाशी धरलेलं. तिकडे जाता येत नाही, तर तुम्हालाच इकडे आणू म्हणाली. रोज सांगायचं ठरवायची. रोज म्हणायची, हे सगळं आईनं सांगायचं असतं, बाबांना मी कसं सांगू? आणि मागच्या दोन वेळी आधी सांगून बसलो आणि मग... त्यामुळे घाबरते ती."

मला रडू आलं, जावयासमोरच आलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चढण्यामुळे हे होत नाही. मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. मी आणखी एकदा विचारणार होतो, तर कौशिकरावांनी हात धरला. रक्त थांबलंय. पण धोका टळलाय असं त्या म्हणायला तयार नाहीत. पूर्ण विश्रांती, उठायचंसुद्धा नाही. नंतर त्यांनी आत यंत्र लावलं. मी पडद्याच्या अलीकडे उभा होतो, तिथे ठोके ऐकू आले. नव्या मोटरीसारखे, भराभर. ते थांबेपर्यंत मी जागचा हललो नाही.

१५ डिसेंबर, सोमवार

कालचं विमान माझ्याशिवाय गेलं. मी हॉस्पिटलात होतो, विमानाची आठवण मला आज सकाळी झाली. कौशिकरावांना म्हटलं, व्हिशाचं काय ते बघा. ते म्हणाले, "किती दिवसांचा?" मी म्हटलं, "डॉक्टरीणबाईंना विचारा."

दुपारी वल्लरीला घरी आणलं. पलंगावर झोपवून जावई कामावर गेले, त्यांचीही रजा संपली. घरात आम्ही दोघंच. शेवटी मी विचारलं, "पाणी देऊ?" ती म्हणाली, "द्या."

मुगाची खिचडी टाकली. तिच्या स्वयंपाकघरात मी पहिल्यांदाच शिरलो, मीठ कुठे आहे ते ओरडून विचारावं लागलं. ताट घेऊन तिच्याजवळ गेलो, तर तिनं बघितलं आणि विचारलं, "तुमचं कुठेय?"

"तू जेव आधी."

"मी एकटी नाही जेवणार." मग तोंड भिंतीकडे करून म्हणाली, "पण तुमची रीत आहे ना. राहू दे. अजून काहीच खरं नाही, बाबा. मागे दोन्ही वेळा असंच वाटलं होतं, सगळं नीट आहे. उद्या पुन्हा तसंच झालं तर?"

याला काय उत्तर द्यायचं ते कल्पनाला कळलं असतं. मी स्वयंपाकघरात गेलो, दुसरं ताट घेतलं, खिचडी वाढली, वर तूप घातलं आणि येऊन तिच्या पलंगापाशी खाली मांडी घातली.

"बाबा!"

"रीत काय आहे? मुलीला मूल होईपर्यंत," मी म्हटलं. "झालंय की. मी ठोके ऐकलेत."

"असं बोलू नका. अजून पाच महिने..."

"ते पाच महिने त्याचे. माझ्या लेखी ते आलं."

ती रडायला लागली. मी तिला रडू दिलं. मग उशीला टेकवून तिला थोडं वर सरकवलं आणि चमच्यानं भरवलं. मधून मधून माझ्या ताटातला घास मी खात होतो. मीठ कमी पडलं होतं आणि मूग जरा कच्चे राहिले होते. ती म्हणाली, आईला सांगेन हं. मी म्हटलं, सांग.

कौशिकराव बरक्याला होते. आम्ही तिघं जेवलो.